सन्मान एकवचनात करा

सैनिकांचे सन्मान सोहळे आणि हुतात्मा स्मरणाचे कार्यक्रम ठरवणाऱ्या सर्व संयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बरेचजण मला चेहऱ्याने ओळखत नसतील, आवाजाने ओळखत असतील. व्यासपीठाच्या एका कडेला, फुलांच्या कुंडीआड उभा राहून ‘आता मी विनंती करतो’ असं म्हणणारा जो माणूस प्रत्येक कार्यक्रमात असतो, तो मी. निवेदक. अशा कार्यक्रमांचं निवेदन करत मला १९ वर्षं झाली. ‘धारातीर्थी’, ‘प्राणांची आहुती’, ‘कृतज्ञतेचा मानाचा मुजरा’ हे शब्द माझ्या जिभेवर इतके बसलेत की ते बोलताना मी मनात पुढच्या पाहुण्याचं पद आठवत असतो. तेव्हा या पत्रात जी तक्रार आहे, तिच्यातला पहिला आरोपी मीच आहे हे आधी सांगून टाकतो.

झालं असं. एका स्मृतिदिनाला यादी ऐन वेळी माझ्या हातात पडली. ४१ नावं, रोमन लिपीत टाइप केलेली. रोमन लिपीत ळ नाही, ण नाही, आणि अ कुठला, आ कुठला हे वाचणाऱ्याने आपल्या अंदाजाने ठरवायचं. मी सराईत माणूस. कुठेही अडखळलो नाही. सराईतपणे चुकलो. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणं चालू असताना एक वयस्कर बाई माझ्यासाठी थांबलेल्या दिसल्या. रागावलेल्या अजिबात नव्हत्या. म्हणाल्या, “छान बोललात. फक्त तुम्ही ज्याचं नाव घेतलंत, तो दुसराच कुणीतरी. आमच्या आडनावात ळ आहे.”

त्यांच्या भावाला जाऊन बरीच वर्षं झाली होती. वर्षातून एकदा, एका ठिकाणी, सगळ्यांसमोर त्याचं नाव मोठ्याने घेतलं जातं, आणि ते ऐकायला त्या येतात. भाषणांसाठी त्या येत नव्हत्या. माझ्या निवेदनासाठी तर नाहीच. त्या दिवशी त्यांना जे हवं होतं ते दोन सेकंदांचं होतं, आणि ते दोन सेकंद मी घालवले.

घरी आल्यावर मी माझी जुनी निवेदनं काढून वाचली. त्यांत एक गोष्ट आढळली, आणि ती दिसल्यावर मग सगळीकडे दिसायला लागली. ‘आपले जवान’, ‘आपले वीर’, ‘शूर सैनिकांनी’, ‘त्यांच्या बलिदानामुळे’. पानंच्या पानं अनेकवचन. एक माणूस कुठे सापडेना. मराठीत मानाच्या माणसाशी एकवचनात बोलणं म्हणजे त्याचा अपमान करणं. मोठ्या माणसाला ‘तू’ म्हणालो तर लहानपणी पाठीत धपाटा बसायचा. तरीही आज मी तुमच्याकडे हेच मागायला आलो आहे की सैनिकाचा सन्मान एकवचनात करा. एका वेळी एक माणूस. त्याचं नाव, त्याचं वय, तो कुठे होता, त्याला काय झालं. ‘जवान’ हा शब्द सोपा पडतो, कारण त्याला चेहरा नसतो. चेहरा नसलेल्याचं ऋण फेडावं लागत नाही.

सामान्य शिपायाचं नाव कोरून ठेवायचं असतं, हीसुद्धा तशी अलीकडची कल्पना आहे. आपल्याकडच्या वीरगळांकडे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव शिळांकडे पाहा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र आणि सूर्य. हे शौर्य चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल, असं शिल्पकाराचं म्हणणं. पण बहुतेक वीरगळांवर नावच नाही. चंद्रसूर्य शाबूत आहेत, माणूस मात्र हरवला. त्या काळी गावाला नाव माहीत होतं म्हणून कोरलं नसेल कदाचित. माहीत असलेलं माहीतच राहील, या भरवशावर आपण किती गोष्टी लिहून ठेवत नाही!

युरोपातही राजे आणि सेनापती पुतळ्यांवर चढत, शिपाई सामुदायिक खड्ड्यात जात. हे बदलायला पहिलं महायुद्ध यावं लागलं, आणि फेबियन वेअर नावाचा एक खटपट्या माणूस. लढाईसाठी वय उलटलं म्हणून तो रेड क्रॉसच्या एका फिरत्या पथकाबरोबर फ्रान्समध्ये गेला. तिथे त्याच्या लक्षात आलं की मेलेल्यांना घाईघाईने पुरलं जातंय आणि कोण कुठे आहे याची नोंद कुणीच ठेवत नाही. त्याने नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यातूनच मे १९१७ मध्ये ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबर आयोग उभा राहिला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. या आयोगाने एक गोष्ट हट्टाने धरली. जनरल असो की शिपाई, दगड सारखाच. श्रीमंत घरच्यांना आपल्या मुलाच्या कबरीवर संगमरवरी देवदूत हवे होते, ते नाकारले गेले. देह घरी न्यायलाही परवानगी मिळाली नाही, आणि त्यावरून संसदेपर्यंत भांडण गेलं. कुटुंबाला त्या दगडावर स्वतःच्या शब्दांत काही लिहायचं असेल तर मर्यादा ६६ अक्षरांची, आणि सुरुवातीला अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारत. मी अनेकदा विचार करतो, आपल्या मुलाबद्दल ६६ अक्षरांत काय लिहावं आणि पैसे कमी पडले तर त्यातलं कुठलं अक्षर गाळावं, हे एखाद्या घरात रात्रभर कसं ठरलं असेल. तुमच्या निमंत्रणपत्रिकेत नुसत्या प्रमुख पाहुण्यांच्या पदव्याच ६६ अक्षरांपुढे जातात.

आता या समानतेच्या गोष्टीची दुसरी बाजू. तीसुद्धा नावांचीच आहे, म्हणून तिथे थोडा थांबतो.

इराकमध्ये बसऱ्याचं स्मारक आहे. १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या ४०,५०० हून अधिक सैनिकांचं ते स्मारक. त्यांत मोठी संख्या भारतीयांची. त्या फलकांवर ब्रिटिश सैनिकांची नावं आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. भारतीय शिपायांची नाहीत. त्यांचा आकडा आहे. अमुक पलटणीचे हे हे अधिकारी, ‘आणि इतर इतके भारतीय सैनिक’. इतर! ज्या माणसाने वाळवंटात आमांश, तहान आणि गोळी यांपैकी कशाने तरी जीव सोडला, तो पलटणीच्या हिशेबात शिल्लक बेरीज म्हणून उरला. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेलला १९२७ मध्ये उभारलेल्या स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं कोरलेली आहेत, म्हणजे नावं मिळवता येत होती. युरोपातल्या जमिनीवर ती मिळाली, बसऱ्याला तसदी घेतली गेली नाही.

हे मी आकसाने सांगत नाही. खुद्द आयोगानेच ते २०२१ मध्ये कबूल केलं. त्यांच्या विशेष समितीच्या अहवालात म्हटलं होतं की पहिल्या महायुद्धातले किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत लोक नावानिशी नोंदलेच गेले नाहीत, किंवा त्यांचं स्मारकच झालं नाही. बहुतेक आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. आयोगाने जाहीर माफी मागितली. आणि नुसती माफी मागून ते थांबले नाहीत, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनला १,७०० हून अधिक कृष्णवर्णीय दक्षिण आफ्रिकी कामगारांचं स्मारक खुलं झालं. ते बंदूकधारी सैनिक नव्हते. ओझी वाहणारे, मार्ग बांधणारे, गाड्या हाकणारे. शंभर वर्षांनी प्रत्येकाला स्वतःचा एक लाकडी खांब मिळाला, त्यावर त्याचं नाव आणि मृत्यूची तारीख.

शंभर वर्षांनी नाव शोधता येतं, तर तुम्हाला कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी ते नीट लिहून का मिळत नाही?

नावं कशी मांडावीत हादेखील विचाराचा विषय आहे. तुम्ही ती यादी अकारविल्हे लावता, किंवा हुद्द्यानुसार. वॉशिंग्टनमधल्या व्हिएतनाम स्मारकाचं उदाहरण घ्या. १९८१ च्या स्पर्धेत १,४२१ आराखडे आले आणि निवड झाली २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीच्या आराखड्याची. दोन काळ्या भिंती जमिनीत उतरत जातात आणि कोनात मिळतात, एवढंच. (तो काळा ग्रॅनाइट बंगळुरूकडून गेलेला आहे, हे वाचलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं.) त्यावर आता ५८,००० हून अधिक नावं आहेत. लिनचा आग्रह होता की ती मृत्यूच्या दिवसानुसार लागावीत. विरोध झाला; अकारविल्हे असलं तर शोधायला सोपं, हा मुद्दाही चुकीचा नव्हता. पण अकारविल्हे लावल्यावर एकाच आडनावाच्या रांगा लागतात आणि भिंतीची टेलिफोन डिरेक्टरी होते. दिवसानुसार लावल्यावर जे एकाच चकमकीत पडले ते भिंतीवरही शेजारी शेजारी राहिले. वाचलेला सोबती तिथे येतो, तेव्हा त्याला त्याची ती एक दुपार चार ओळींत सापडते. त्या चार ओळींच्या खाली त्याचं नाव येता येता राहिलेलं असतं. चकचकीत दगडात त्याचा स्वतःचा चेहरा त्या नावांवर दिसतो. १९८२ मध्ये भिंत खुली झाली तेव्हा काही माजी सैनिकांनीच तिला लाजेचा ओरखडा म्हटलं होतं. पुढे लोक तिथे पत्रं, बूट, पदकं ठेवून जायला लागले, कागद लावून पेन्सिलीने नावाचा ठसा घरी न्यायला लागले.

आणि वेळेचं म्हणाल, तर बेल्जियममधल्या ईपर गावाकडून शिकावं. तिथल्या मेनिन गेटवर कबर न सापडलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं आहेत. १९२९ पासून रोज संध्याकाळी ८ वाजता त्या कमानीखालची वाहतूक थांबते, बिगुलवाले येतात, ‘लास्ट पोस्ट’ ही मृत सैनिकांना निरोप देणारी धून वाजवतात आणि वाहतूक पुन्हा सुरू होते. रोज. पावसात, बर्फात, बघायला कुणी असो नसो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्याच्या चार वर्षांत तेवढा खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश सैन्य गावात शिरलं, त्याच संध्याकाळी बिगूल पुन्हा वाजला, गावाच्या दुसऱ्या टोकाला अजून लढाई चालू असताना. प्रास्ताविक नाही, स्वागतगीत नाही, आभारप्रदर्शन नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातही रोज सूर्यास्ताच्या सुमारास हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहायची पद्धत आहे. तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर २०१९ च्या उद्घाटनाच्या वेळी २५,९४२ नावं होती, तरी त्या संध्याकाळचं घर एकच असतं. याला मी एकवचन म्हणतो.

इथपर्यंत तुम्हाला माझं बोलणं पटलं असेल, कारण मेलेल्यांचा सन्मान करायला कुणाचीच ना नसते. ते उशिरा आल्याबद्दल बोलत नाहीत, निवृत्तिवेतनाचा विषय काढत नाहीत, पाहुण्यांना अवघड प्रश्न विचारत नाहीत. अवघड असतात ते जिवंत परत आलेले.

१९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धात लढलेले हजारो अमेरिकी माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला येऊन झोपड्या टाकून राहिले. त्यांना सरकारने बोनसची प्रमाणपत्रं दिली होती, पण रक्कम मिळायची होती १९४५ मध्ये. मंदीत नोकऱ्या गेलेल्या. ते म्हणाले, आमचे पैसे आत्ता द्या. २८ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोन माजी सैनिक मेले, आणि त्याच दिवशी जनरल मॅकआर्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन बाकीच्यांना हाकलून लावलं. त्या दोघांतला एक, विल्यम हुश्का. त्याला नंतर कुठे पुरलं माहीत आहे? आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत. म्हणजे मागायला आला तेव्हा गोळी, आणि मागणं बंद झाल्यावर देशातली सगळ्यात मानाची जागा. सत्काराच्या राजकारणावर याहून नेमकं भाष्य मला अजून सापडलेलं नाही. ते हत्याकांड नव्हतं, मोठं युद्ध नव्हतं, पण त्याची लाज त्या देशाला पुरली. बोनस १९३६ मध्ये दिला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्यांसाठी १९४४ मध्येच शिक्षण आणि घरकर्जाचा कायदा झाला.

फ्रान्सने आपल्या झेंड्याखाली लढलेल्या आफ्रिकी सैनिकांची निवृत्तिवेतनं १९५९ नंतर, वसाहती स्वतंत्र होत असताना, गोठवून ठेवली. एकाच खंदकात लढलेल्या दोघांपैकी एकाचं वाढत गेलं, दुसऱ्याचं तिथेच थिजलं. मोठी सुधारणा झाली २००६ मध्ये, आणि हा भेद घटनाबाह्य असल्याचं तिथल्या घटना परिषदेने २०१० मध्ये सांगितलं. तोवर त्यांतले बहुतेक या जगात नव्हते. ब्रिटनने अणुचाचण्यांच्या वेळी आपले हजारो सैनिक तिथे उभे केले. पहिली चाचणी १९५२ मधली. त्या लोकांसाठी पदक जाहीर झालं नोव्हेंबर २०२२ मध्ये. ७० वर्षांनी. विशीत गेलेला मुलगा तोवर नव्वदीचा. आपल्याकडे ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ या मागणीसाठी पदकं लावलेले वृद्ध दिल्लीत उपोषणाला बसले होते, ते फार जुनं नाही. २०१५ मधलं आहे. आपण त्या वेळी त्यांना ‘वीर’ म्हणत होतो की ‘आंदोलक’, ते जरा आठवून पाहा.

तुम्ही म्हणाल, हे सरकारांचे विषय, आम्ही कार्यक्रम करणारी माणसं, आम्ही काय करणार. बरोबर. तुमच्या हातातलं तेवढंच बोलतो.

तुम्ही माजी सैनिकांना पहिल्या रांगेत दोन-दोन तास बसवून ठेवता, कारण पाहुणे यायचे असतात. त्यांतले काही ऐंशीच्या पुढचे असतात. शिस्तीची सवय असते म्हणून ते उठत नाहीत, त्याचा अर्थ त्यांना त्रास होत नाही असा नसतो. मग मंचावर एका रांगेत उभं करून एका मिनिटात सहाजणांच्या हातांत मानचिन्हं, छायाचित्र, टाळ्या. उतरताना पायरीवर हात द्यायला कुणी नसतं, कारण छायाचित्रकार तोवर पाहुण्यांकडे वळलेला असतो. हे मी मंचाच्या कडेवरून इतक्यांदा पाहिलंय की मला आता आधीच कळतं, कुणाचा पाय अडखळणार आहे.

तुम्ही सलामीच्या नावाखाली फटाक्यांची माळ लावता. एकदा मी एका सत्कारमूर्तीला त्या आवाजासरशी खुर्चीच्या दांडीला घट्ट धरताना पाहिलं. चेहरा शांत होता, बोटं पांढरी पडली होती. १९१५ मध्ये डॉ. चार्ल्स मायर्स यांनी तोफगोळ्यांच्या माऱ्याने मनावर होणाऱ्या आघातासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला, तरी त्याच युद्धात अशा थरथरणाऱ्या माणसांना भित्रे ठरवलं गेलं. हॅरी फार हा इंग्रज सैनिक याच आजारासाठी रुग्णालयात राहून आला होता. पुन्हा आघाडीवर जायला त्याने नकार दिला म्हणून ऑक्टोबर १९१६ मध्ये त्याच्याच सैन्याने त्याला गोळ्या घातल्या. विधवेचं निवृत्तिवेतन बंद झालं. त्याची लेक नव्वदी ओलांडेपर्यंत बापाच्या नावासाठी भांडली, आणि २००६ मध्ये अशा ३०६ जणांना माफी मिळाली. मनावरच्या या जखमेला आज वैद्यकात मान्य नाव आहे, तेसुद्धा १९८० पासून. तेव्हा फटाके वाजवण्याआधी एकदा विचारा तरी.

आणि मुलाखतीत निवेदकाला विचारायला लावलेला तो प्रश्न: “तुम्ही किती शत्रू मारलेत?” मी तो विचारला आहे. श्रोत्यांना हवा असतो म्हणून. समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, “मोजायचं काम माझ्याकडे नव्हतं.” सभागृहात टाळ्या पडल्या. तो टाळ्यांसाठी बोलला नव्हता, विषय बंद करण्यासाठी बोलला होता, आणि हे कळायला मला पुढची काही वर्षं लागली.

काहींना बोलायचंच नसतं. पहिल्या महायुद्धाच्या खंदकात लढलेला आणि सगळ्यांत शेवटपर्यंत जगलेला हॅरी पॅच २००९ मध्ये १११ वर्षांचा होऊन गेला. वयाच्या शंभरीपर्यंत तो युद्धाबद्दल अवाक्षर बोलला नव्हता, घरच्यांशीसुद्धा. बोलायला लागला तेव्हा शौर्यावर फारसं बोलला नाही. आपल्या मशीनगनच्या तुकडीतल्या, एका स्फोटात गेलेल्या तीन मित्रांबद्दल बोलला. २००४ मध्ये तो समोरच्या बाजूने लढलेल्या शार्ल क्युन्झ या १०७ वर्षांच्या म्हाताऱ्याला भेटला. दोघांनी हात हातात घेतले. अशा माणसाचा सत्कार करायचा म्हणजे काय करायचं? माझ्या मते शेजारी खुर्ची टाकून बसायचं, आणि तो बोलेल तेव्हा मध्ये बोलायचं नाही. अमेरिकी काँग्रेसने २००० मध्ये माजी सैनिकांच्या आठवणी नोंदवण्याचा एक प्रकल्प सुरू केला. त्यात मुलाखत किमान अर्ध्या तासाची हवी आणि काटछाट न करता द्यावी लागते. अर्धा तास एका माणसाला. तुमच्या कार्यक्रमात सहाजणांना मिळून एक मिनिट.

एक अडचण मी नाकारत नाही. कुणाला बोलवायचं, ही. तुम्ही साहजिकच पदकवाल्यांना बोलवता. पण सैन्य म्हणजे केवळ चकमक नव्हे. सियाचीनवर एप्रिल १९८४ पासून आपलं सैन्य आहे आणि तिथे गोळीपेक्षा थंडी, हिमकडे आणि विरळ हवा यांनी जास्त माणसं नेली. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतरही ती मरतच राहिली. बोटं गमावून परतलेल्या माणसाकडे सांगायला ‘लढाई’ नसते, म्हणून तो तुमच्या यादीत येत नाही. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी रोहतांगजवळ हवाई दलाचं एएन-१२ विमान कोसळलं, त्यात १०२ जण होते. कुणाशी लढाई चालू नव्हती. त्यांतल्या चौघांचे देह २०२४ मध्ये, ५६ वर्षांनी, बर्फात सापडले. एखाद्या घरात त्या दिवसापर्यंत ‘हरवला’ आणि ‘गेला’ या दोन शब्दांमध्ये संसार झाला असेल. अशा घरातल्या कुणाला मी आजवर मंचावर बोलावल्याचं मला आठवत नाही. स्वयंपाकी, चालक, शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका, संदेशवहनातले लोक यांचं तर नावच नको. व्हिएतनामच्या त्या भिंतीवर आठ स्त्रियांची नावं आहेत, आठही परिचारिका. किती जणांना माहीत असतं?

तेव्हा माझं मागणं फार नाही. नावं आधी वाचू द्या, भाषणं नंतर होऊ देत; निदान ज्यासाठी घरची माणसं आलेली असतात ते तरी उन्हं चढण्याआधी होईल. वाचण्याआधी प्रत्येक घरी एक फोन करा आणि नाव कसं उच्चारायचं ते घरच्यांच्या तोंडून ऐका. मी स्वतः करायला तयार आहे, ४१ फोनांना एक संध्याकाळ लागते. सत्कार हवा आहे का, हे सत्कारमूर्तीला विचारा, आणि नको म्हणाला तर रुसू नका. दरवर्षी सगळ्यांना एका दिवसात उरकण्याऐवजी महिन्याला एक संध्याकाळ, एक माणूस, असं करून पाहा. पाहुणे येणार नाहीत. फलक लागणार नाही. बातमी छापून येण्याची शक्यता तर अगदीच कमी. वीस माणसं जमतील. मी निवेदन करणार नाही. फार तर खुर्च्या मांडीन.

हे जमत नसेल, तर निदान यादी देवनागरीत पाठवा. आठ दिवस आधी.

आपला,
एक निवेदक

ता. क. : त्या बाईंना मी नंतर घरी जाऊन भेटलो. भाऊ कसा होता, म्हणून विचारलं. १९ वर्षांत मी हा प्रश्न पहिल्यांदा कुणाला विचारत होतो. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “शिट्टी फार मोठ्याने वाजवायचा. आई ओरडायची.” आणि दोन बोटं तोंडात घालून त्यांनी ती कशी, ते दाखवलं. आवाज काही निघाला नाही.